सात नंबरची माती

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या वासंतीमावशीच्या बाबतीत घडलेली. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मे १९९५. नोएडातली माती तपासणारी एक खाजगी लॅब. दुपारचे तीन.

गुडगावकडे शेतं जाऊन नवी कॉलनी होणार होती. तिथल्या मातीत कुजलेला पाला-शेण किती, ते मावशीला तपासायचं होतं. तीन-तीन फुटांचे खड्डे खणून नमुने तिनं स्वतः आणले होते. सातव्या खड्ड्याशी एक म्हातारी आडवी आली होती.

"मॅडम, यहाँ मत खोदो. हमारे छोटे बच्चे सोये हैं यहाँ."

अंगावर पिती लेकरं गेली, की गाव त्यांना तिथं पुरत असे. मावशीनं ऐकलं... आणि तरी माती पिशवीत भरली.

आता केबिनमधले साहेब सोडले, तर लॅबमध्ये ती एकटीच होती.

आपल्याकडच्या उन्हात मातीतलं कुजकं लवकर संपतं. तीन फुटांखाली तर जवळजवळ काहीच उरत नाही. तपासणी साधी. मातीवर नारिंगी रसायन, मग ॲसिड. कुजकं जितकं जास्त, तितका रंग हिरव्याकडे जातो.

सात नंबर लगेच हिरवागार झाला.

तिनं माती निम्मी केली. पुन्हा हिरवा.

मग नुसता फ्लास्क घेतला. मातीचा कणही नाही. रसायन ओतलं, ॲसिड ओतलं...

हिरवा.

डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. कसलाच आवाज येईना.

मग आला...

चुटुक. चुटुक. बाळ दूध ओढतं तसा.

पिशवीतून.

मावशी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सर, तिथं मुलं पुरलीत. रिपोर्टमध्ये लिहायला हवं."

अविनाश साहेबांनी मान वर केली नाही. "जुना उकिरडा होता, असं लिहा. बिल्डर मोठा आहे. नोकरी हवीय ना?"

मावशीनं लिहिलं. सही केली. त्या लेकरांना उकिरडा म्हटलं तिनं.

पाच वर्षांनी राहवेना, म्हणून माफी मागायला ती तिथं गेली. म्हातारीचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. कॉलनीच्या गेटवर गार्डनं तिला थांबवलं.

"मॅडम, बच्ची को धूप लग रही है. गोद में ले लीजिए."

मावशी एकटीच गेली होती...

तिनं मागं वळून पाहिलं नाही. भीतीनं नव्हे, असं ती सांगते.

"कुठल्या तोंडानं बघणार होते रे मी?"

हे सांगताना ती माझ्याकडेही बघत नाही. मांडीवर पदर तेवढा पसरून बसते.

त्या पदराकडे बघायचं मी टाळतो.