नमुन्याची स्लाइड

बिबवेवाडीतल्या प्रसूतिगृहाच्या लॅबमध्ये नम्रता सकाळपासून धुसफुसत होती. कारण एकच, चंद्रभागा. ही मार्केट यार्डात लसूण निवडायची. सहावा महिना, आधीचं मूल सातव्यातच आलं आणि गेलं. आता हिच्या योनीमार्गाच्या स्वॅबमधून चांगल्या जिवाणूंच्या लांबट काड्या नाहीशा झाल्या होत्या आणि पेशींवर घातक जिवाणूंच्या बारीक ठिपक्यांचा थर बसला होता. खाज नाही, वास नाही, पांढरं जाणं नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आज तिने जशाच्या तशा परत आणल्या.

"अहो, तुमच्या बाळाचा प्रश्न आहे! या जंतूंमुळेच दिवस भरण्याआधी कळा येतात."

"मला काय बी तरास न्हाई, मॅडम. मग गोळ्या कशाला?"

नम्रताने कपाळाला हात लावला. हिच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं. तिला बाहेर बाकावर बसवून नम्रताने नव्या स्वॅबची स्लाइड रंगवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. सगळीकडे जांभळ्या काड्या! चला, सुटलो एकदाचे, म्हणत तिने फरक बघायला गेल्या वेळची स्लाइड काढली.

तीही काड्यांनी भरलेली.

ज्योतीवरून फिरवून मारलेले जिवाणू होते ते. मेलेले वाढतात कुठे?

"राकेश, स्लाइड बदललीस तू!"

टेक्निशियन राकेशने मानही वर केली नाही. "काचेवरचा नंबर तुम्हीच कोरलाय. इतकं वाईट अक्षर मला जमत नाही."

अक्षर तिचंच होतं. राग काढायचा तरी कुणावर? नजरच चुकत असेल, म्हणून तिने नमुन्याची स्लाइड घेतली. निरोगी म्हणजे कसं, ते ताडून पाहायला लॅबमध्ये एक स्लाइड कायम ठेवलेली असे. ती नम्रताची स्वतःची होती. दिवस राहिले तेव्हा तिनेच हौसेने दिली होती. तिला कुठे काय होत होतं! आता तिलाही सहावा लागला होता.

तिने डोळा लावला.

पेशी. पेशींवर ठिपके. एका कोपऱ्यात एकच काडी.

एक हात पोटावर ठेवून तिने फोकस पुन्हा फिरवला. तेच.

"झालं का, मॅडम?" चंद्रभागा दारात उभी होती. तिची नजर नम्रताच्या पोटावर थांबली. "तुमास्नी काय तरास?"

"नाही. काहीच नाही."

"मलाबी न्हवता," चंद्रभागा हळू आवाजात म्हणाली. "तवा."

नम्रताने पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. कोपऱ्यातली काडी आता तिथे नव्हती.