वातीपुरतं तेल

"घे रे राजा, श्वास घे... गार हवा आहे, फुकटची आहे, घे की पोटभर!"

सिटीवेस्टच्या आमच्या ऑफिसचं कार पार्क, दुपारचे साडेबारा, भुरभुर पाऊस. आणि अस्सल मराठीत कोणीतरी कोणाच्या तरी विनवण्या करत होतं. मी चमकून वळले. एक लांबलचक लाल गाडी, वर केलेलं बॉनेट आणि त्याखाली कमरेपर्यंत गडप झालेला माणूस.

मला हसू फुटलं. तसं मी आवाज न करता हसते. त्या दिवशी कसं कोण जाणे, ऐकू गेलं.

तो बाहेर आला. नाकावर काळा डाग, चष्म्यावर पावसाचे थेंब.

"हसलात ना?"

"नाही... म्हणजे हो. सॉरी हं."

"अरे वा, मराठी! मी गंधार. पलीकडच्या इमारतीत असतो. एक विचारू? तुम्ही रोज इथे डबा घेऊन येता, बाकावर बसून कापसाचं काहीतरी वळत असता आणि वर बघता. कधी जेवता, कधी डबा तसाच परत नेता. दोन आठवडे बघतोय. वर आहे तरी काय?"

दोन आठवडे बघतोय! माझे कान गरम झाले.

"सूर्य," मी म्हटलं. "चातुर्मासात त्याचं दर्शन झाल्याशिवाय मी जेवत नाही. आणि हे... देवाच्या वाती."

त्याने वर पाहिलं. दुधी राखाडी आकाश. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही आयर्लंडमध्ये सूर्याचं व्रत घेतलंत?"

काय सांगणार! मी वैदेही, नागपूरची. दरवर्षी आई विचारते, यंदा काय नेम धरतेस? यंदा नवी नोकरी, नवा देश, म्हणून मीच सर्वांत सोपं व्रत निवडलं होतं. नागपुरात सूर्य टाळायचा म्हटलं तरी टळत नाही. आणि मी जूनमध्ये इथे उतरले तेव्हा रात्री दहालासुद्धा लख्ख उजेड होता. मला काय माहीत, हा पाहुणा कसा आहे ते!

"मग नाही दिसला तर?"

"दूध आणि फळं. अन्न दुसऱ्या दिवशी."

"आणि मी इथे हिच्या खाण्यापिण्याची काळजी करतोय," तो गाडीवर थाप मारत म्हणाला.

ती मस्टँग होती. अठ्ठ्याण्णवची, अमेरिकेतून आलेली. तिच्या तोंडावर एक धावता घोडा होता. मूळचा हवेचा डबा म्हणे इंजिनाच्या उबेतली गरम हवा ओढतो. गंधारने तो काढून चाकाजवळची गार हवा घेणारा नवा पाइप बसवला होता. कोल्ड एअर इनटेक. गार हवा दाट, म्हणून ताकद जास्त. पण हवा बदलली की इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवे आकडे शिकवावे लागतात. त्याला ट्यूनिंग म्हणतात.

"आणि तिथेच घोडं अडलंय," तो म्हणाला. "आठ आठवडे लॅपटॉप लावून बसतोय. ठसकतेच."

"तिचंही काही व्रत असेल," मी म्हणाले.

तो इतका मोठ्याने हसला की गेटवरचा सिक्युरिटीवाला छत्रीतून डोकावून "ऑल ग्रँड, लॅड्स?" असं विचारून गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर मेसेज येऊ लागले. 'सोर्ड्सला ऊन पडलंय, राजीवने सांगितलं. अर्ध्या तासात तुमच्याकडे.' 'डून लेरीला समुद्रावर फट दिसतेय. धीर धरा.' त्याचे सगळे मित्र माझ्या सूर्याच्या पाळतीवर बसवले होते त्याने! आणि फारच अभ्र धरलं, तर जेवणाच्या सुटीत तो मस्टँग घेऊन यायचा.

"बसा. ढग कुठेतरी संपत असेलच की."

त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे उजवीकडे, इथल्या ड्रायव्हरच्या जागी, मी! आणि पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरचं मलाच आधी दिसायचं.

"येतंय का कोणी?"

"...नाही."

"काय? ऐकू नाही आलं."

"नाही. जा."

"अहो, मोठ्याने! ही व्ही-एट आहे, आठ सिलिंडरची; तुमची देवघरातली समई नाही."

"जा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. गाडी झेपावली, मध्येच एकदा ठसकली, पुन्हा झेपावली... आणि मी दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून हसत सुटले.

ऑक्टोबर उतरला. दिवस आखडले. मेसेज मात्र दुपारपुरते राहिले नाहीत. 'वातींचा कापूस संपला का?' 'आज तुम्ही निळ्या ड्रेसमध्ये होतात, सूर्य लाजला असेल.' मी उत्तर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे... आणि शेवटी 'हो' एवढंच पाठवायचे.

कार्तिकी एकादशीला आईचा फोन आला. वर्धा रोडचं एक स्थळ मला सांगून आलं होतं, त्याचा विषय होताच. मी 'व्रत झाल्यावर बघू' म्हणून तो चार महिने पुढे ढकलला होता.

"उद्या द्वादशी. सूर्याला अर्घ्य दे, व्रत सोड आणि फोन कर. त्यांना हो कळवून टाकते. चांगली माणसं आहेत, वैदू."

मी "बरं" म्हणाले. मी नेहमी "बरं"च म्हणते.

द्वादशीची सकाळ उजाडलीच नाही म्हणा ना. आकाश गच्च. बारा वाजले, दोन वाजले, तीनही वाजून गेले. आणि बाकावर वाती वळता वळता माझ्या मनात आलं, आज नाहीच दिसला तर? उद्याही नाही? मी दचकले. चार महिने ज्याची वाट पाहिली, त्याने येऊ नये असं मला वाटत होतं! देवा, क्षमा कर.

तेवढ्यात लाल गाडी समोर थांबली.

"कराहच्या माळावर जाऊ! पश्चिमेकडून आभाळ मोकळं होतंय. पाऊण तास लागेल. सूर्य पावणेपाचला मावळतो. बसा!"

तांब्याचा छोटा गडू, पाण्याची बाटली, कापसाची पिशवी घेऊन मी बसले. नेस गाव मागे टाकल्यावर क्षितिजावर खरोखरच एक पिवळी रेघ दिसली. गंधार शीळ घालत होता. मला राहवलं नाही.

"मी आज व्रत सोडलं की आई एका स्थळाला होकार कळवणार आहे."

शीळ थांबली.

"म्हणजे... मी तुम्हाला तिकडेच पोचवतोय?"

 पुढे ट्रक होता. त्याने "येतंय का कोणी?" असं विचारलं नाही. मीही "जा" म्हटलं नाही. आम्ही दोघं ट्रकच्या मागे मागे.

कराहचं मोकळं माळरान लागलं, मेंढ्या दिसू लागल्या, आणि गाडी ठसकली. पुन्हा ठसकली. पिवळा दिवा लागला आणि इंजिन गवताच्या कडेला येऊन बंद पडलं. पिवळी रेघ समोरच्या चढामागे होती. अजून मैलभर जायला हवं होतं.

गंधारने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "शपथेवर सांगतो, मी मुद्दाम नाही केलं. करावंसं वाटलं होतं... पण केलं नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. आज सूर्य दिसला नाही तर मला एक दिवस जास्त मिळणार होता. गप्प बसणं मला येतंच होतं. पण व्रत ते व्रत. दुसऱ्याच्या बिघाडामागे लपून ते कसं टाळायचं?

"बॉनेट उघडा," मी म्हणाले.

पाइपच्या टोकाला तो नवा फिल्टर होता, कापसाच्या घड्यांचा. मी सहज बोट लावलं. बोट लालभडक, तेलाने चिकट.

"हे तेल कशाला?"

"धूळ धरायला. धुतलं की घालावं लागतं. दर रविवारी घालतो, अगदी प्रेमाने."

"किती?"

"भरपूर."

मला एकदम हसू आलं. "अहो, मी रोज वाती भिजवते. वात तेलाने ओली व्हावी, त्यात बुडू नये. बुडली की पेटत नाही, नुसती तडतडते. इथून ओघळलेलं तेल कुठे जातं?"

त्याने पाइपात वाकून पाहिलं. आत केसाएवढ्या तारा होत्या, येणारी हवा मोजणाऱ्या. त्यांवर लालसर थर. "आईशप्पथ! सेन्सरच माखलाय. आणि मी पाच महिने आकड्यांना दोष देतोय..."

डिकीत सेन्सर साफ करायचा स्प्रे होता. तो तारांवर मारू लागला आणि मी पिशवीतला वातींचा कापूस घेऊन फिल्टरची एकेक घडी टिपत गेले. एकदा दोघांची बोटं एकाच घडीवर आली. दोघांनीही लगेच काढली नाहीत.

"वैदेही, मला बोलायचं होतं... व्रत संपल्यावर. मला वाटलं, उपाशी माणसाला काय विचारायचं."

"आधी सूर्य," मी म्हटलं. 

किल्ली फिरली. इंजिन गरजलं, एकही ठसका नाही. चढाआधी पुढे एक ट्रॅक्टर लागला.

"येतंय का कोणी?"

मी मान बाहेर काढली. वारा, मेंढ्या, मोकळा रस्ता.

"जा! गंधार, जा!"

चढावर पोचलो तेव्हा तो ढगाखालून नुकता बाहेर आला होता, शेंदरी, गोल, क्षितिजाला टेकलेला. मी ओल्या गवतात उभी राहिले, गडूतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तीनदा सोडलं. डोळे मिटून मी त्याच्याकडे जे मागितलं, ते चार महिन्यांत कधी मागितलं नव्हतं.

मग आईला फोन लावला. नागपुरात दहा वाजून गेले होते. ती वाट बघत जागी होती.

"दिसला का गं? बरं झालं बाई! मग कळवू ना त्यांना?"

मी श्वास घेतला. गार, पोटभर.

"नको आई!"

"अगं, ओरडतेस काय? मला ऐकू येतं अजून." मग जराशाने, "...कोण आहे तिथे? गाडीचा आवाज येतोय."

"गंधार. तीन महिने मला सूर्य शोधून देतोय."

 मग आई म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी तिला जेवू घाल. दोन दिवसांची उपाशी आहे ती."

फोन बंद केला तर गंधार समोर डबा उघडून उभा. वरण-भात. स्वतः केलेला. भातावर तूप इतकं, की भाताचं बेट झालेलं.

"जास्त झालं का?" तो ओशाळून म्हणाला. "कापूस देऊ... टिपायला?"

"राहू दे," मी पहिला घास घेत म्हटलं. "एवढं मला चालतं. आणि हे बघ—"

तो थबकला. "बघ म्हणालीस?"

"हो. बघ, नाकावर काळं लागलंय तुझ्या."