न प्यायलेलं पाणी

मी खोटं बोलत नाही आणि माझ्या घरात दुसऱ्याचं खोटं खपवून घेत नाही. वाचताना ज्यांना मान हलवून हसायचं असेल, त्यांनी इथेच थांबावं.

गेल्या वर्षीची, जूनमधल्या सान हुआनच्या सणाच्या आदल्या दिवसाची दुपार. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला, पालोमा दरीच्या तोंडाशी आमचं गुरांचं रँच आहे. डोंगरात जाणारा प्रत्येक जण आमच्या फाटकातून जातो, आणि माझ्यासमोर मगभर पाणी पिऊनच जातो. हा नियम माझ्या सासऱ्यांपासूनचा. पाणी अंगात ठेवायचं, बाटलीत नाही.

माझी नात नोएमी याच नियमात वाढली.

त्या दिवशी ती पहाटेच एकटी वर गेली. ऊन चढायच्या आत परतणार होती.

परतली नाही.

दुपारी पलीकडच्या डोंगरावर पावसाविना कोरडी वीज पडली. वाळलेलं गवत पेटलं आणि धूर दरीत उतरू लागला. त्या धुरात हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. मी खेचरांवर खोगीर चढवायला सांगितलं.

"आत्या, तुम्ही घरी थांबा," माझा भाचा फर्मीन म्हणाला. "या वयात, या उन्हात..."

"वयाचं खेचराला विचार. ते माझ्या आधी थकतं."

"ते निदान सांगितलेलं ऐकतं."

आम्ही निघालो.

जूनच्या दुपारी मेस्कीटच्या झाडांवरचे किडे इतके किर्र करतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दुसऱ्या वळणावर ते थांबले.

सगळे... एकदम.

त्या शांततेत वरून एका पुरुषाचा आवाज आला. हलका. समजूत घालणारा. शब्द कळत नव्हते.

फर्मीननेही तो ऐकला. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

आवाज आला त्या उभ्या कड्याखाली खेचरं पुढे जाईनात. त्यांना धरून फर्मीन खालीच थांबला. मी एकटी वर चढले.

नोएमी एका खडकाच्या तुटपुंज्या सावलीत बसली होती. ओठ फुटलेले. अंगावर घामाचा थेंब नाही.

मांडीवर दोन बाटल्या... गळ्यापर्यंत भरलेल्या.

"पी," मी म्हणाले.

"आत्ता नको, आजी. जपून ठेवायचंय."

"कुणी सांगितलं?"

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"हे काय, हे सांगतायत ना. सकाळपासून माझ्यासोबतच चालतायत. फार काळजी घेतात."



वाऱ्याबरोबर ठिणग्या येऊ लागल्या होत्या. तो कडा ज्याला त्याला स्वतःच्या पायांनीच उतरावा लागतो. पाण्याशिवाय ती उभी राहणार नव्हती, आणि तिला तिथे सोडून मी उतरणार नव्हते. मी बाटली उघडून तिच्या तोंडाला लावली. तिने दात घट्ट मिटले.

"ते नाही म्हणतायत, आजी."

मी मागे वळले.

कुणी नव्हतं. तापलेल्या खडकांवर सगळी हवा थरथरत होती. फक्त एका जागी...

फक्त एका जागी, माणसाएवढी हवा स्थिर होती.

"हे पाणी माझ्या विहिरीचं आहे," मी त्या जागेला सांगितलं. "ते कुणी आणि केव्हा प्यायचं, हे मी ठरवते. आपण बाजूला व्हावं."

मी बाटली पुन्हा नोएमीच्या ओठांना लावली.

मग खडी वाजली. एक पाऊल... दुसरं... वर, आगीच्या दिशेने.

नोएमीने तोंड उघडलं.

घोट घोट पाणी पाजत आणि मानेवर ओतत मी तिला खाली आणलं. संध्याकाळी आगीने ती जागा गिळली.

"अशी माणसं आम्हाला अधूनमधून सापडतात," तिला तपासणारे डॉक्टर म्हणाले. "तहानेने गेलेली, आणि पिशवीत पाणी. उन्हाने डोकं चालेनासं होतं."

असेल. पण फर्मीनचं डोकं तर शाबूत होतं. त्या दिवसापासून तो दरीत गुरं नेत नाही, आणि कारण विचारलं की विषय बदलतो.

नोएमी आता बरी आहे. जेवते, हसते, मला उलट उत्तरं देते.

फक्त जेवताना पेला ओठांशी नेला की थांबते. दाराशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहते... आणि मग पिते.

मी रोज समोर बसते. घोट तिच्या घशाखाली उतरेपर्यंत माझा घास तोंडातच राहतो.

काल तिने पेला तसाच खाली ठेवला.

"नंतर पिते, आजी," म्हणाली.