तळहाताएवढी स्क्रीन

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे आमच्या काकांच्या घरात घडलंय. रविवारी, भर दुपारी, बाहेरच्या खोलीत, जिथे ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. माझ्या पदरचं यात काही नाही.

काकांना एकच मुलगी. घरात सगळे तिला पिंगू म्हणायचे. घशाच्या आजारात तिचा आवाज गेला, तेव्हा रडत बसायचं सोडून तिने हातात मावेल असा कॉम्प्युटर बनवायला घेतला. बटणं दाबून लिहायचं आणि समोरच्याला दाखवायचं. काकांनी त्यासाठी लाकडाची सुबक पेटी करून दिली. सगळं जमलं. फक्त झाकणातल्या खिडकीत बसेल अशी स्क्रीन मिळेना. एक मोठी, तर दुसरी अगदीच लहान.

स्क्रीन मिळायच्या आधीच पिंगू गेली.

काकांनी मग ध्यासच घेतला. झाकण पिशवीत टाकायचं आणि दुकानं पालथी घालायची. काका, त्यापेक्षा नवा मोबाइल घ्या, असं दुकानदार म्हणायचे. काका मान हलवून पुढच्या दुकानात. शेवटी एका भंगारवाल्याच्या खोक्यात, अगदी तळाशी, एक सापडली. काकांनी ती झाकणात ठेवून पाहिली...

जणू माप घेऊनच बनवलेली.

शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने त्या रविवारी वायरी जोडल्या, चालू करून दाखवलं आणि तो जेवायला घरी गेला. काका-काकू पेटीसमोर नुसते बसून राहिले. काय लिहायचं, दोघांनाही सुचेना.

तेवढ्यात स्क्रीनवर काहीतरी उमटलं.

बटणांना कुणाचाही हात लागला नव्हता...

‘आई’

काकूंनी हात पेटीवर ठेवला. काका मात्र पेटीपासून मागे सरकले. पिंगू आईला कधीच आई म्हणाली नव्हती. बोलायला लागल्यापासून ‘माऊ’च.

मग दुसरी ओळ आली. सावकाश... अडखळत... नुकतं लिहायला शिकलेल्या मुलाने लिहावी तशी.

‘दादा शाळेतून आला का’

पिंगूला दादा नव्हता.

काकांनी घाईघाईने बॅटरी काढली.

स्क्रीन विझली नाही...

‘अंधार नको’

काका ताडकन उठले. काकू जागच्या हलल्या नाहीत. एका बोटाने एकेक बटण शोधत त्यांनी लिहिलं, मी इथेच आहे, झोप आता.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग स्क्रीन हळूहळू मंद होत गेली... कुणीतरी डोळे मिटावेत तशी.

दुसऱ्या दिवशी काकांनी भंगारवाल्याला गाठलं. त्याला काहीच सांगता येईना. गोणी कुठून कुठून येतात, दवाखान्यातल्या की कुणाच्या घरातल्या, कोण लक्षात ठेवतो? काकांचा चेहरा बघून तो स्क्रीन परत घ्यायला तयार झाला. काकांनाही तेच हवं होतं.

काकूंनी दिली नाही.

“ती आपली नाही गं,” काका म्हणाले.

“माहितीय मला,” काकू म्हणाल्या. “पण कुणाची तरी आहे ना? आपलीही कुठल्या तरी घरात अशीच हाक मारत असेल. तिला कुणी ओ द्यायला नको?”

काकांनी हातातली पिशवी परत खुंटीला अडकवली.

पेटी अजून त्याच खोलीत आहे. बॅटरी पुन्हा कधी घातली नाही. काकू दुपारची कामं आटोपून तिच्यासमोर बसतात. आतून बटणांचा आवाज येत असतो... तेवढा वेळ आम्ही कुणी आत जात नाही.

आणि काका अजून जुन्या स्क्रीन शोधत फिरतात. कुठे दिसली की चालू करून मागतात, हातात धरून उभे राहतात. दुकानदार विचारतो, मापाची आहे का? काका तिच्यावरून नजर काढत नाहीत. स्क्रीन नुसतीच उजळलेली असते...

कोरी.

तरी त्यांना ती लवकर खाली ठेववत नाही.