सहाव्या गल्लीतला तलाव

टीव्ही बंद करा आधी. ही ऐकीव गोष्ट नाही. यातला मोजणीदार भूमापन कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही त्याला 'फूटपट्टी' म्हणायचो, इतका सरळ माणूस. आयुष्यात एकदाच वाकला.

शहराबाहेर एक टेकडी होती, पायथ्याशी तलाव. टेकडी फोडून तलाव बुजवला आणि वर आठ गल्ल्यांचं उपनगर वसवलं. साहेबांच्या दबावाखाली नकाशावर तलावाच्या जागी 'कोरडी जमीन' लिहून खाली सही कोणी केली? आमच्या फूटपट्टीने. आणि नशीब बघा, वीस वर्षांनी लेकीला सासर मिळालं ते सहाव्या गल्लीत, बैठ्या घरात. भिंतींना तडे जायला लागले तसा तो नव्या साहेबांच्या हातापाया पडला, "तिथे तलाव होता हो!"

साहेब म्हणाले, "नकाशात कोरडी जमीन आहे. सही तुमचीच ना?"

मग तलावाचा काठ नेमका कुठून जायचा ते मोजायला तो एकटाच निघाला. दिवसा लोक हसले असते. सतरा जानेवारी, शनिवारची रात्र, सव्वादोन. टेपचं टोक लेकीच्या फाटकाला अडकवलं आणि चालू लागला.

मोजणीला दोन माणसं लागतात, बरं का. एकाने विचारायचं, "धरलं?" दुसऱ्याने सांगायचं, "धरलं." जन्माची सवय ती. तीस मीटरवर पोचल्यावर तोंडातून निघून गेलं, "धरलं?"

"धरलं..."

आवाज फाटकाकडून आला नाही. खालून आला.

टेप ताणली गेली. खाली. रस्त्याच्या आत.

"कोण आहे?"

...

"सोड!"

...

"सोड रे!"

कोणी सोडलं नाही.

टेप टाकून तो धावला. दार बडवलं. लेक डोळे चोळत आली. "बाबा? या वेळी?"

"पोरांना उचल. आत्ता निघा इथून."

आतून जावई म्हणाला, "बाबा, झोपा आता. कोरडी जमीन आहे, सही तुमचीच तर आहे!"

मला फूटपट्टीचा अजून राग येतो, आणि वाईटही वाटतं.

सकाळी त्याने मला बोलावून घेतलं. घराच्या चारी भिंतींवर, आतून, ओलीची एक सरळ रेघ. माझ्या छातीएवढ्या उंचीवर. शेजारच्या घरात तीच. गल्लीतल्या प्रत्येक घरात तीच. आम्ही पातळी मोजायचं यंत्र लावून पाहिलं, उंचीत केसाचाही फरक नाही; तलावाच्या पाण्याचीच पातळी.

पुढच्याच वर्षी तो गेला. लेक तिथेच राहते, जाणार कुठे? चार वेळा रंग दिला, रेघ वर येतेच. परवा गेलो तेव्हा तिची दोन्ही पोरं जमिनीवर बसून चित्रं काढत होती. रेघ त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती.