उत्तरेची भिंत

वेदीसमोर एक तरुण उताणा पडलेला दिसला, तेव्हा स्नेहलला वाटलं, गेल्या रविवारच्या प्रवचनातून हा एकटाच उठायचा राहिलाय.

"बरं वाटत नाही का?"

"फार छान वाटतंय," तो छताकडे बघत म्हणाला. "छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, आणि एकही लोखंडी खिळा नाही! तुम्हीही पडून बघा ना."

"अहो, इथे आम्ही गुडघे टेकतो. पडत नाही."

तो आल्हाद. सायखेड्याजवळचं हे जुनं चर्च मोजून त्याचा नकाशा काढायला गंगापूर रोडच्या सरकारी ऑफिसातून आलेला. स्नेहल गावच्या शाळेत शिक्षिका. दर शनिवारी चर्चमध्ये येऊन बाप्तिस्म्याचं दगडी कुंड पुसायची. पणजोबांपासून तिच्या घरातलं प्रत्येक माणूस त्या कुंडाशी भोकाड पसरून ख्रिस्ती झालं होतं.

टेप धरायला माणूस हवा होता. शून्याचं टोक स्नेहलने धरलं. कमानीच्या खिडक्या झाल्या, बायकांच्या बाजूची बाकं झाली. टेप गुंडाळत तो दर वेळी गरजेपेक्षा थोडा जास्तच जवळ येऊन थांबायचा...

"व्यासपीठाला सात पायऱ्या कशाला?"

"चढताना पाळकांना दम लागला, की प्रवचन आटोपशीर होतं."

तो मोकळेपणाने हसला. रंगीत काचेतलं तांबडं ऊन नेमकं त्याच्या नाकावर पडलं होतं.

शेवटी फक्त उत्तरेची भिंत उरली. ती मोजली, की हा जाणार — आणि परत कशाला येईल? ख्रिस्ती माणसाने खोटं बोलू नये. स्नेहल काही बोललीच नाही. तिने टोक फक्त कोपऱ्यापासून चार बोटं पुढे धरलं.

पुढच्या शनिवारी तो हजर.

"मॅडम, नकाशा जुळत नाही हो."

"अगं बाई!" म्हणत तिने पुन्हा टोक धरलं. या खेपेला आठ बोटं पुढे.

"आता तर आणखी कमी भरली!" आल्हाद चक्रावला.

"भिंतीनं उपास धरला आसंल," झाडू मारणाऱ्या विमलाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या शनिवारी मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"साहेब म्हणतात, भिंत सरकतेय. उद्यापासून चर्च बंद ठेवा, असा अहवाल द्यायचाय." त्याने कागद दाखवला. "फक्त माझी सही राहिलीय."

स्नेहलने सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. उद्या उपासना. सगळी मंडळी येणार, आणि दाराला कुलूप...

"भिंत नाही सरकत," ती म्हणाली. "टोक मी पुढे धरलं होतं. दोन्ही वेळा... मुद्दाम."

विमलाबाईंचा झाडू थांबला.

"कशासाठी?" आल्हादने विचारलं.

"सांगायलाच हवं का?"

"लिहायला हवं. मोजमापात दुरुस्ती केली, की कारण द्यावं लागतं. रकाना आहे." आवाज अगदी सरकारी होता, पेन मात्र त्याने उलटं पुढे केलं.

तिने मान खाली घालून लिहिलं — 'मोजणाऱ्याने परत यावं, अशी टेप धरणारीची इच्छा.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले, आणि या वेळी त्यावर काचेचं ऊन नव्हतं.

"साहेबांना मी दुसरा कागद देईन," तो म्हणाला. "आज भिंत नीट मोजून. हा... हा माझ्याकडेच राहू दे."

मग तिच्या ओळीखाली त्याने 'मान्य' लिहिलं आणि पूर्ण नावानिशी सही केली.

"तारीख बी टाका, साहेब," विमलाबाई दारातून म्हणाल्या. "मागून मानसं नाय म्हणत्यात."