दिवेवालीचा हात

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी झोपेत होते.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर एक लांब बाक आहे. खिडकीबाहेर पाऊस रिपरिपत होता, डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणत होती आणि माझ्या डोळ्यांत आठवड्याभराची झोप साठलेली. बाकावर एक बॅग होती. माझीच, असं समजून मी तिच्यावर डोकं टेकलं... आणि गेलेच.

जाग आली तर समोर जमिनीवर एक मुलगा मांडी घालून बसलेला. चष्मा कपाळावर, डोळे लालभडक. जांभई दाबत म्हणाला,

"झोप झाली असेल तर... माझी बॅग मिळेल का?"

माझी बॅग माझ्या खांद्यालाच लटकत होती.

"अरे, उठवायचं ना मग!"

"उठवणारच होतो. पण इतकं मन लावून झोपणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. धीर झाला नाही."

"आणि तुझा तास?"

"बुडाला. लॅपटॉप बॅगेत, बॅग तुझ्या डोक्याखाली. काय करणार!"

तास माझाही तोच होता; तो शेवटच्या वर्षाला, मी एक वर्ष मागे, पण हा वर्ग दोघांचा एकत्र. आणि नेमक्या त्याच तासाला मॅडमनी व्हिडिओ गेमसाठी जोड्या लावल्या होत्या — एक चित्रं काढणारा, एक कोड लिहिणारा. हजर असलेल्यांच्या जोड्या लागून गेल्या. उरलो आम्ही दोघं.

वर्गात त्याला सगळे घुबड म्हणायचे. तो मला पहिल्याच दिवसापासून रंगारीणबाई म्हणू लागला.

आमचा गेम साधाच होता. अंधारलेल्या गावात एक दिवेवाली फिरते. दारोदारी दिवे लावत नदीच्या काठाशी येते. तिथे होडीत नावाडी उभा असतो. तो हात पुढे करतो, ती हात धरते, होडी निघते. पूर्ण गेम नाही, खेळून बघता येईल असा छोटासा नमुना करून दाखवायचा होता. शेवटी पडद्यावर उमटायला मी दोन ओळी लिहिल्या होत्या —

*दिवा लावते दाराशी, दिवा लावते पाण्याशी*
*नावाड्या रे, थांब थोडा, बोलायचं आहे तुझ्याशी*

"छान आहेत," घुबड म्हणाला होता. "पण काय बोलायचंय तिला?"

"ते तिचं तिला माहीत. तू होडी चालव."

सोपं वाटलं होतं, पण त्या कामानं जीव काढला. दिवेवालीनं एक पाऊल टाकायचं तर मी चित्रांमागून चित्रं काढायची. पाय उचलला, वेणी हलली, हातातली ज्योत लवली, पाय टेकला. तो माझ्या शेजारी बसून चुका शोधायचा. एक सापडली की तिच्या पोटातून दुसरी निघायची. दमून आम्ही एकमेकांशी अर्धी वाक्यंच बोलायला लागलो. "ते जरा..." मी म्हणायची, आणि तो न बघता पाण्याची बाटली पुढे सरकवायचा. माझी मान अवघडली की न बोलता माझ्या खुर्चीला त्याचं जॅकेट घडी करून लावायचा.

घरी ताईची वेगळीच तऱ्हा. ती नर्स. रात्रपाळी करून सकाळी यायची. मी पलंगावरून उठायची आणि त्याच उबेत ती शिरायची. एका सकाळी उशीत तोंड खुपसून म्हणाली,

"झोपेत हसत होतीस म्हणे. आई सांगत होती."

"दमलीये गं मी."

"दमलेली माणसं घोरतात, रंगारीणबाई."

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"तूच. मघाशी उठवलं तेव्हा, झोपेत."

मग एका दुपारी कळलं, की आमच्या दिवेवालीचा हात नावाड्यापर्यंत पोचतच नाही. ती काठाशी येते, हात पुढे करते, तोही करतो, आणि मध्ये वीतभर जागा उरते. कितीही पुढे रेटा, ती तिथेच थांबते.

"तुझी दिवेवाली लाजते," घुबड म्हणाला.

"तुझा नावाडी शिष्ट आहे! जरा वाकला तर कंबर मोडते का त्याची?"

तो हसला. मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला सांगायचं राहिलं... मला काम मिळालंय. लांबच्या शहरात. गेम दाखवला की दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी."

"अरे वा," मी म्हटलं. मग दिवेवालीची वेणी उगाचच पुन्हा रंगवायला घेतली.

त्यानंतर आम्ही रोज त्या वीतभर जागेचं कारण शोधत बसलो. पण मला ते ठाऊक होतं! वेणी हलताना कापली जाऊ नये म्हणून मी प्रत्येक चित्राभोवती कोरी कड सोडली होती. कॉम्प्युटरला कोरं काय कळणार? तो त्या कडेलाही दिवेवालीचं अंगच समजत होता. कड कापली की हात पोचला असता. पण हात पोचला की गेम पुरा, आणि गेम पुरा झाला की... म्हणून मी गप्प राहिले. शेजारी बसून खोटंखोटं कपाळाला आठ्या घालत राहिले. एवढं दमूनसुद्धा ते दिवस संपू नयेत असं वाटायचं.

शेवटच्या संध्याकाळी मात्र मन खाऊ लागलं. त्याच्या मेहनतीचं हसं व्हायला नको. घरी बसून सगळ्या कडा कापल्या आणि चित्रं आमच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकून दिली. त्याला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या बघेल आणि चकित होईल.

चकित सगळेच झाले.

वर्गासमोर दिवेवाली चालली, दिवे लागले, काठ आला. नावाड्यानं हात पुढे केला... आणि ती थांबलीच नाही. सरळ त्याच्यात घुसली. एक धड, दोन डोकी, आणि नावाड्याच्या कानातून बाहेर आलेली वेणी! वर्ग फुटला हसून.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"चूक माझी आहे, मॅडम," मी म्हणाले.

"नाही मॅडम, माझी." घुबड उभा राहिला होता, कान लाल. "काल मी कोडमध्ये तिच्या अंगाची चौकट लहान केली. चित्राभोवती कोरी कड होती, तेवढीच वजा केली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "पण कड तर मी कापली... काल."

मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे दोघांनी एकच अंतर दोनदा काढून टाकलंत. आपसात बोलत नाही का तुम्ही?"

मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं.

"संध्याकाळपर्यंत नीट करून द्या," मॅडम म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

दुपारी आम्ही त्याच बाकावर बसलो, लॅपटॉप मध्ये ठेवून. पाऊस पुन्हा रिपरिपत होता.

"कधीपासून माहीत होतं तुला?" मी विचारलं.

"पहिल्याच दुपारी. तुला?"

"...पहिल्याच दुपारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

तो कोडमधला कड वजा करणारा त्याचा आकडा पुसू लागला. मग बटण दाबलं. दिवेवाली काठाशी आली, नेमकी थांबली. हात हातात गेला. माझ्या दोन ओळी हळूच उमटल्या.

"आता तरी सांग," तो म्हणाला. "काय बोलायचंय तिला?"

"जाऊ नकोस म्हणायचंय. पण नावाड्याला जावं तर लागणारच. म्हणून... परत ये, एवढंच."

"होडी तिला घेतल्याशिवाय निघतच नाही. मीच लिहिलंय तसं."

"तिचं कॉलेजचं एक वर्ष उरलंय, घुबडा."

"मग वर्षभर काठाला बांधून ठेवू." त्यानं चष्मा काढला. थकलेले, उघडे डोळे. "मला तू आवडतेस. दमलोय म्हणून बोलतोय असं नाही हं... दमलोय म्हणून लपवता येत नाहीये."

माझा हात बाकावर होता. त्याचाही. मध्ये वीतभर जागा. ती मीच संपवली.

"हेच उद्या झोप झाल्यावर सांगशील?" मी म्हटलं. "म्हणजे माझा विश्वास बसेल."

"सांगेन. गाडी सुटायच्या आधी, स्टेशनवर. तू येशील?"

"येईन."

मी दुसऱ्या हातानं लॅपटॉप मिटला. बघते तर माझ्या बॅगेवर डोकं टेकून गाढ झोपलेला, हात मात्र माझ्या हातात.

फोन थरथरला. ताई.

"अगं, येतेस ना? झालं नाही का काम?"

"झालं," मी कुजबुजले. "पण उशीर होईल, ताई. माझी बॅग अडकलीये."